कारंजाईचं माहेर

"या बागेतल्या दगडादगडाचा इतिहास मला तोंडपाठ आहे, भाऊसाहेब. पिकरिंग बागेबद्दल मला माहीत नाही असं काही या गावात असूच शकत नाही," असं म्हणून आमच्या इतिहास विभागाचे प्रमुख डॉक्टर उंब्रजकर ऐटीत बाकावर टेकले.

बाक त्याच सकाळी रंगवलेला होता.

डॉक्टर उठले तेव्हा त्यांच्या क्रीम रंगाच्या सफारीवर बाकाच्या पट्ट्या हिरव्यागार उमटल्या होत्या. "पाटी लावायला नको?" ते ओरडले. पाटी लावलेली होती. डॉक्टर तिच्यावरच बसले होते.

भाऊसाहेब ढमढेरे हसले नाहीत. भाऊसाहेब दुसऱ्याच्या फजितीला हसत नसत, ती लक्षात ठेवत. ते नेरखेडचे नगराध्यक्ष होते आणि आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्षही. म्हणजे गावातली गटारं आणि गावातलं उच्च शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच हाताखाली तुंबलेल्या होत्या.

मी त्या कॉलेजात इतिहासाचा तात्पुरता लेक्चरर होतो. दर जूनला मला नव्यानं नेमत आणि दर एप्रिलला काढत. माझं लग्नही त्यापायीच अडलं होतं. मुलगी मला पसंत होती, तिलाही मी चालण्यासारखा वाटत होतो. पण तिचे वडील, निवृत्त मामलेदार आगाशे, 'कायम' हा शब्द ऐकल्याशिवाय पोह्यांची बशी पुढे सरकवणार नव्हते. वर त्यांचं एक तत्त्व होतं. मला निरोपच होता त्यांचा, "कायम झालात की कळवा. मग मी एकदा येऊन जाईन. कधी ते सांगणार नाही. मुलगा न सांगता, कामाच्या जागी जाऊन बघावा. तेव्हा तो खरा दिसतो."

"मास्तर," भाऊसाहेब मला म्हणाले, "उद्या त्या बाईला बाग नीट दाखवा. बाई खूश, तर तुमची ऑर्डर सोमवारी हातात. बाई नाखूश, तर जूनला दुसरा माणूस बघू. इतिहास शिकवायला काय लागतं? झालेलंच तर सांगायचं असतं."

ती बाई म्हणजे मिस पिकरिंग. ज्या कलेक्टर पिकरिंगनं ही बाग बांधली त्याची पणती. ती इंग्लंडहून पणजोबांची बाग बघायला येणार होती, आणि तिच्या गावच्या कौन्सिलात तिचं वजन होतं. नेरखेड आणि तिचं गाव ही जुळी शहरं जाहीर व्हावीत असं भाऊसाहेबांच्या मनात होतं. एकदा जुळं झालं की नगरपालिकेची सगळी बाग समिती इंग्लंडला अभ्यासदौऱ्यावर जाणार. समितीच्या घराघरांत स्वेटर विणायला घेतले होते. खुद्द भाऊसाहेबांसाठी वहिनींनी एक माकडटोपी विणली होती, आणि ती डोक्याला बसते की नाही हे पाहायला ते भर एप्रिलात ती घालून मीटिंगला बसत.

आता या बागेचा इतिहास. डॉक्टर उंब्रजकरांना तोंडपाठ होता तो नव्हे, खरा.

पिकरिंग साहेबानं विलायतेतल्या राणीच्या राज्याचा ज्युबिली समारंभ म्हणून ही बाग उठवली. दुष्काळी कामावरच्या माणसांकडून तळं खणून घेतलं, गाड्यागाड्यांनी माती आणून हिरवळ केली. पलटणीच्या वाजंत्रीसाठी बँडस्टँड बांधला, नेच्यांसाठी काचघर, आणि मधोमध बिडाचं कारंजं. त्यावर खांद्यावर घागर घेतलेली एक बिडाची बाई. ती कंबरेखाली नेसलेली होती, कंबरेच्या वर नुसती साहेबाची कलेची ओढ होती. हौदाच्या कडेनं बिडाचे बेडूक, तोंडातून पाणी उडवणारे. हे सगळं जहाजातून आलं. इथल्या माणसांनी वाहून आणलं, बसवलं आणि मग फाटकाबाहेर उभं राहून बँड ऐकला.

साहेब गेला. बाग नगरपालिकेच्या हाती आली. नगरपालिकेनं 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी लावली, आणि लोकांना मोह नको म्हणून हिरवळच जाऊ दिली. बँडस्टँडमध्ये जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी उघडली. काचघराच्या काचा फुटल्यावर त्याला जाळी मारून आत एक मोर ठेवला. मोर दिवसभर माणसांकडे पाठ करून बसायचा. त्या मोराइतकी समज मला त्या गावात दुसऱ्या कुणात दिसली नाही.

राहिली ती बिडाची बाई. कारंजं तर लढाईच्या काळातच बंद पडलेलं. पुढे एकदा मंत्री येणार होते, तेव्हा त्या वेळच्या नगराध्यक्षांनी त्यांच्या नजरेला असलं काही पडू नये म्हणून तिला आपल्या बायकोचं नऊवारी नेसवलं. मंत्री गेले, लुगडं राहिलं. आता नेसलेली बाई उभी आहे आणि कपाळ मोकळं, हे आमच्या गावात चालत नाही. कुणी तरी हळद-कुंकू लावलं. कुणी बांगड्या भरल्या. कुणाचा तरी तीनदा बसलेला मुलगा मॅट्रिक झाला. झालं! बाईची कारंजाई झाली. दर शुक्रवारी तिची ओटी भरायला बायका येऊ लागल्या. घागरीतून पाणी येत नव्हतं, म्हणून भाविकांनी घागरीत तांदूळ, सुपाऱ्या, सुटी नाणी टाकून ती गच्च भरली. बेडूक मात्र नैवेद्याकडे तोंड वासून बसलेले बरे दिसत नव्हते. त्यांच्यावर नगरपालिकेनं काँक्रीट ओतून ऐसपैस ओटा केला.

घोळ असा की मिस पिकरिंगनं पत्रात एकच इच्छा लिहिली होती. पणजोबांच्या फोटोत दिसतं तसं ते कारंजं तिला बघायचं होतं. तशीच बाई. वाहत्या पाण्यासकट.

"तशीच म्हणजे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे लुगड्याशिवाय," मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "तीन वॉर्ड आहेत त्या लुगड्यामागं, मास्तर. इलेक्शन तोंडावर आहे."

तीन वॉर्डांची चावी हौसाक्काकडे होती. हौसाक्का बागेच्या फाटकाशी ओटीचं सामान विकायची. एकच नारळ ती शुक्रवारी निदान दहा जणींना विकायची, कारण ओटीतला नारळ घटकाभरात फिरून तिच्याच टोपलीत येई. शिवाय कारंजाई तिच्याच अंगात यायची. दुसऱ्या कुणाच्या अंगात आली तर हौसाक्का तिचे केस धरून देवीला खाली उतरवायची.

आम्ही तिघं तिच्याकडे गेलो. डॉक्टर पाठ भिंतीकडे ठेवून उभे राहिले.

"देवीचं लुगडं सोडायचं?" हौसाक्का कडाडली. "कुन्या गोऱ्या बाईसाठी? तुमच्या घरच्यांची सोडा की!"

"अहो, ही काही परकी बाई नाही," डॉक्टर पुढे सरसावले. "हिच्याच पणजोबांनी देवीला तिकडून इथं आणली."

हौसाक्काचा हात टोपलीवरच थांबला. "म्हंजी ही देवीच्या माहेरची?"

डॉक्टरांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. "अगदी बरोबर! माहेरचीच! देवीला भेटायला आलीय. माहेरच्या बाईसमोर कसला आलाय आडपडदा? तुम्ही देवीला आंघोळ घाला. सगळ्या बायाच बाया. भोवती पडदा धरा. पुरुष बाहेर. ती आत जाऊन बघेल, फोटो काढेल. मग नवं लुगडं. भाऊसाहेबांकडून."

"जरीचं," हौसाक्का म्हणाली.

"जरीचं," भाऊसाहेब दात आवळून म्हणाले.

परत येताना डॉक्टरांचे पाय जमिनीला लागत नव्हते. "मोकाशी, बघितलंत? याला म्हणतात लोकमानसाचा अभ्यास."

"पण सर, पाण्याचं काय?"

"अग्निशमनचा बंब मागवलाय. जुनी नळी मला ठाऊक आहे. कारंज्याखालच्या तळघरातनं सरळ घागरीत जाते. बंबाचं पाणी लावलं की घागर वाहू लागेल."

"घागर तांदळानं चोंदलीय, सर. आणि ओट्याखाली बेडूक आहेत. त्यांच्याही नळ्या त्याच—"

"बेडूक मेले, मोकाशी. इतिहासात मेलेल्यांना मागे सोडायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत मांडव होता. बेडकांवरच्या ओट्यावर तांबडा सोफा होता, सोफ्यावर भाऊसाहेब होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर बाग समिती होती. सगळे स्वेटरमध्ये. भाऊसाहेबांच्या अंगात कोट, डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर. आपण तयारीत आहोत हे पाहुणीला कळावं, अशी त्यामागची योजना. सभासदांच्या नाकांवरून घाम ओघळत होता, आणि बंबवाला नळी जोडता जोडता त्यांच्याकडे बघून थबकला होता.

मिस पिकरिंग आली. उंच, हाडकुळी, डोक्यावर गवती हॅट, पायात गिर्यारोहकाचे बूट. भाऊसाहेबांनी हार घातला, तो हॅटला अडकला. पुढं सगळा वेळ तो एका बाजूनं लोंबत होता. मी तिला बँडस्टँड दाखवला. "इथं आता काय चालतं?" तिनं विचारलं. मी सांगितलं की इथं माणूस जन्मला आणि मेला की कळवायचं. ती म्हणाली, पणजोबांना संगीत समजत नव्हतं, त्यांना हे जास्त आवडलं असतं. मोरापुढे ती बराच वेळ उभी राहिली. मोरानं वळून तिच्याकडे पाहिलं. माझ्या आशा वाढल्या. सोमवार मला दिसू लागला.

कारंज्याभोवती बायकांनी चादरींचा पडदा धरला होता. आतून घंगाळाचे, बांगड्यांचे, हौसाक्काच्या हुकमांचे आवाज येत होते. मिस पिकरिंग कॅमेरा घेऊन आत गेली. मग हौसाक्काचा आवाज आला, "आगं, हिचं नाक बघा! देवीचंच नाक हाय!"

"खूश आहेत," डॉक्टर सोफ्याच्या मागून पुटपुटले. मग त्यांनी हात उंच केला. "सोडा पाणी!"

बंबवाल्यानं पाणी सोडलं.

घागरीतून काही आलं नाही. जमिनीखाली कुठं तरी गुरगुर झाली. ओट्याला एक मोठी ढेकर आली. भाऊसाहेबांनी खाली पाहिलं. "मास्तर, हे काय—"

तेवढ्यात ओटा फुटला. मेलेले बेडूक एकदम जिवंत झाले. सोफ्याखालून पाण्याची जाडजूड धार उठली आणि त्या धारेवर नेरखेडचे नगराध्यक्ष क्षणभर बसून राहिले. मग सोफा एका अंगाला कलला. समितीचे सभासद खुर्च्यांसकट उताणे पडले. वर उडालेलं पाणी खाली आलं, त्यात काँक्रीटचा चुरा होता आणि कुणी तरी कधी काळी वाहिलेल्या सुपाऱ्या होत्या. पडदा धरलेल्या बायका किंचाळून पळाल्या. चादरी खाली पडल्या.

कारंजाई सगळ्या गावासमोर उभी होती. जहाजातून उतरली होती तशी.

"डोळे मिटा!" भाऊसाहेब पाण्यातून ओरडले. सगळ्या समितीनं डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनी उठायला गेले ते एकमेकांवर आपटले. एकानं तोल सावरायला जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. ते देवीच्या कमरेचं बीड होतं.

हौसाक्कानं हे पाहिलं. तिचे केस सुटले. ती घुमू लागली.

"आलं! आलं अंगात!" बायका ओरडल्या, आणि परत धावत आल्या.

"शंभर वर्सं झाली!" हौसाक्काच्या तोंडून कारंजाई बोलू लागली. "शंभर वर्सं मी या सासरी उभी हाय! पायाला पानी न्हाई. डोक्यावर कावळं. येकानं तरी इचारलं का, पोरी, माहेरची सय येती का म्हून? आन् आज भर सभंत मला उघडी केली! कमरंला हात घातला! मी न्हाई राहत हितं! माझी माहेरची मानसं आलीत. मी जाते!"

"जाऊ द्या तिला!" एक म्हातारी रडू लागली. "लई सोसलं पोरीनं."

मग सगळ्याच रडू लागल्या. प्रत्येकीला आपापलं सासर आठवलं असावं. बंबवाल्यानं पाणी बंद केलं, पण बायकांचं कोण बंद करणार?

"मास्तर!" हौसाक्का माझ्यापुढे येऊन घुमली. "इचार तिला! नेतीस का लेकीला माहेरी?"

"मास्तर," भाऊसाहेब चिखलातून हळूच म्हणाले, "ऑर्डर लक्षात ठेवा. तिला सांगा, देवी म्हणते, कसा झाला प्रवास."

अंगात आलेल्या बाईसमोर खोटं भाषांतर करायची माझी छाती नव्हती. ती वेळप्रसंगी केस धरते, हे मला माहीत होतं. मी मिस पिकरिंगला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मिस पिकरिंग हसली नाही. तिनं भिजलेली हॅट काढली आणि सांगितलं की तिच्या गावच्या बागेत अगदी असंच कारंजं होतं. एकाच साच्यातल्या या दोघी. तिथली लढाईत तोफा करायला वितळवली. चौथरा तेव्हापासून रिकामा आहे. ही आली तर गाव तिला डोक्यावर घेईल.

मी हे मराठीत सांगितलं.

"म्हंजी भनीच्या जागी!" हौसाक्कानं कपाळाला हात लावला. मग तिनं मिस पिकरिंगला ओढून घेतलं, हळद-कुंकू लावलं आणि खणानारळानं ओटी भरली. मिस पिकरिंगला काय करायचं ते समजलं नाही. ती नारळ कडेवर घेऊन उभी राहिली.

बायका भाऊसाहेबांकडे वळल्या. "काय हो भाऊ? लेकीला लावून देनार का न्हाई?"

भाऊसाहेब उठून उभे राहिले. माकडटोपीतून पाणी गळत होतं. त्यांनी बायकांकडे पाहिलं, तीन वॉर्डांकडे पाहिलं, आणि मी माझ्या आयुष्यात एखादा माणूस इतक्या झटपट पालथ्याचा उताणा होताना पाहिला नाही.

"भगिनींनो," ते म्हणाले, "हा माझाच संकल्प होता. पाहुणीला मी दुसऱ्या कशासाठी बोलावली?"

टाळ्या पडल्या. डॉक्टर उंब्रजकरांनी सगळ्यांत आधी वाजवल्या.

"आन् तिकडं थंडी असती म्हनं," हौसाक्का म्हणाली. देवी उतरली होती, हौसाक्का उरली होती. "लेक नुसती लुगड्यावर धाडायची का?" तिची नजर समितीवरून फिरली. "काढा."

समितीनं स्वेटर काढले. भाऊसाहेबांनी मफलर काढला. माकडटोपीपाशी ते जरा अडखळले. मग तीही काढली. पुढे पाठवणीच्या दिवशी ते सगळं वाळवून देवीच्या पेटीत भरलं. इंग्लंडला समितीचं फक्त लोकरी सामान गेलं.

सोमवारी मी ऑर्डर मागायला गेलो. भाऊसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लगदा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "सही केली होती, मास्तर. बेडकांनी खाल्ली. आता जूनला बघू." मी आगाश्यांना काहीच कळवलं नाही.

पण जूनच्या आधी एक गोष्ट घडली. भाऊसाहेबांनी स्वतःचा एक अर्धपुतळा जिवंतपणीच करून घेतलेला होता. साजेशी जागा मिळेना म्हणून तो जकात नाक्याच्या गोदामात पोत्यांमध्ये पडून होता. कारंजाई जहाजावर चढली आणि बागेच्या मधोमध एक तयार, विलायती चौथरा मोकळा झाला. देवीचं दुःख आवरून भाऊसाहेबांनी पुतळा बसवला. उद्घाटनाला डॉक्टर बोलले. उद्यानांच्या इतिहासात अशी योग्य जागी योग्य व्यक्ती क्वचितच येते, असं ते म्हणाले आणि टाळ्या थांबेपर्यंत उभेच राहिले. बाक जवळ होता, पण ते बसले नाहीत.

पहिल्याच शुक्रवारी बायकांनी भाऊसाहेबांना लुगडं नेसवलं.

"आगं, हे तर भाऊ हैत," एकीनं म्हटलं म्हणे.

"जागा देवीची हाय," हौसाक्कानं सांगितलं. "लेक माहेरी ग्येली म्हून देव्हारा ओस ठिवायचा? परत येईस्तवर हेच चालवायचं." आणि तिनं पुतळ्याच्या मिशीवर कुंकू लावून ओटी भरली. नारळ फिरून टोपलीत गेला.

पोलीस बसवायची सोय नव्हती, मतं त्याच बायकांची होती. नगरपालिकेच्या शिपायाला लुगडं सोडायला पाठवलं, तो दुसऱ्या शुक्रवारी आजारी पडला. रोजंदारीवरचा एक माणूस ठेवला, तो पळून गेला. मग भाऊसाहेबांनी मला बोलावलं.

"मास्तर, तात्पुरता माणूस असल्या कामाला टिकत नाही. कायमचाच लागतो." आणि त्यांनी माझ्यापुढे ऑर्डर टाकली. कोरडी, सहीसकट. "आठवडाभर इतिहास शिकवा. शुक्रवारी बायका गेल्या की बागेत जायचं, आणि माझं... पुतळ्याचं तेवढं बघायचं. गाजावाजा नको."

मी ऑर्डर घेतली. घरी येऊन त्याच दिवशी आगाश्यांना कार्ड टाकलं, कायम झालो म्हणून.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी बागेत गेलो. हौसाक्का त्या दिवशी नऊवारी अशी घट्ट नेसवून गेली होती की गाठ सापडेना. शेवटी चौथऱ्यावर चढलो, एक हात भाऊसाहेबांच्या गळ्यात टाकला, निरीचं टोक दातांत धरलं आणि ओढू लागलो. मोर जाळीपाशी येऊन बघत होता.

"मोकाशी आपणच का?" खालून कुणी तरी विचारलं.

मामलेदार आगाशे काठी टेकून उभे होते. त्यांच्याबरोबर मुलीची आई होती, आणि मुलगीही.

लुगडं त्याच वेळी सुटलं.